श्येनविद्येच्या ग्रंथांतील अनुल्लेखित हात : ‘मानसोल्लास’, ‘श्यैनिकशास्त्र’ आणि ‘अ केस्ट्रेल फॉर अ नेव्ह’ यांचा चिकित्सक अभ्यास

सारांश :

ससाणा, बाज, शिकरा यांसारखे शिकारी पक्षी हातावर बसवून त्यांच्याकरवी शिकार करण्याच्या विद्येला संस्कृत परंपरेत श्येनविद्या म्हटले जाते. या विद्येचे भारतीय ग्रंथ राजांच्या नावावर आहेत. पक्षी पकडणारा, त्याला रात्र रात्र मुठीवर घेऊन बसणारा आणि त्याची भूक बोटांनी ओळखणारा माणूस या ग्रंथांत ज्ञाता म्हणून येत नाही. प्रस्तुत लेखात कल्याणीच्या चालुक्य राजाचा ‘मानसोल्लास’, कुमाऊँच्या राजाचे ‘श्यैनिकशास्त्र’ आणि बॅरी हाइन्स यांची इंग्रजी कादंबरी ‘अ केस्ट्रेल फॉर अ नेव्ह’ या तीन कृतींचे वाचन करून ज्ञान कोणाच्या नावावर लागते, या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. नंदुरबार जिल्ह्यातील मोलगीसारख्या आदिवासीबहुल परिसरात साहित्याचे अध्यापन करताना हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : श्येनविद्या, शिकरा, मानसोल्लास, श्यैनिकशास्त्र, मौखिक ज्ञान, आदिवासी विद्यार्थी.

प्रास्ताविक :

मराठी वाचकाच्या मनात ससाणा प्रथम येतो तो शिबिराजाच्या कथेतून. भयभीत कबुतर राजाच्या मांडीवर येते, पाठोपाठ ससाणा येतो आणि आपले भक्ष्य मागतो. या कथेत राजा दाता आहे, कबुतर शरणागत आहे आणि ससाणा हा केवळ भुकेचा मागणीदार आहे. वैदिक वाङ्मयात सोम आणणारा श्येन आणि श्येनाच्या आकाराची यज्ञवेदी असा गौरव असला, तरी सामान्य वाचकाच्या मनावर ठसा उमटला तो या हिंस्र मागणीदाराचाच. आधुनिक मराठी निसर्गलेखनाने ही प्रतिमा पुष्कळ सौम्य केली. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’, व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ आणि मारुती चितमपल्ली यांचे वनविषयक लेखन यांनी मराठी वाचकाला प्राणिसृष्टीकडे न्याहाळून पाहण्याची दृष्टी दिली. तथापि ही दृष्टी मुख्यतः निरीक्षकाची आहे. पक्ष्याला हातावर घेऊन त्याच्याशी व्यवहार करणारा माणूस मराठी वाङ्मयात क्वचितच आढळतो.

शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत शिकारखान्याचा समावेश आहे. म्हणजे शिकार हा राज्यव्यवहाराचा एक भाग होता. परंतु ‘कारखाना’ म्हटला की त्यात काम करणारी माणसे आली आणि नेमकी तीच कागदावर विरळ होतात. हा विरळपणा योगायोगाने आलेला नसून ग्रंथरचनेच्या पद्धतीतूनच आलेला आहे, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ‘भारतीय ज्ञानप्रणाली’ हा विषय पदवी अभ्यासक्रमात आला आहे. ‘मानसोल्लास’सारखे ग्रंथ आता केवळ संस्कृतच्या अभ्यासकांपुरते राहणार नाहीत. अशा वेळी हे ग्रंथ गौरवाने वाचायचे की चिकित्सेने, हे ठरवणे आवश्यक झाले आहे. चिकित्सेने वाचल्यास त्यांचा गौरव कमी होतो, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

‘श्येनविनोद’ : राजाच्या विनोदक्रमातील पक्षी

‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा ग्रंथ कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असून त्याचा रचनाकाळ इ. स. ११२९ ते ११३१ च्या सुमाराचा मानला जातो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी त्याचे संपादन केले. पाच विंशती, प्रत्येक विंशतीत वीस अध्याय, असा शंभर अध्यायांचा हा कोश आहे. मराठी अभ्यासकांनी त्याची दखल घेतली ती प्रामुख्याने दोन कारणांनी. एक, त्यातील मराठीच्या प्राचीन खुणा व ओवीचा उल्लेख; दुसरे, त्यातील अन्नपदार्थांची वर्णने. चौथ्या विंशतीतील ‘श्येनविनोद’ मात्र मराठी समीक्षेत उपेक्षित राहिला.

या अध्यायाचे स्थान विचारात घेण्यासारखे आहे. विनोदविंशतीची सुरुवात शस्त्रविनोद व शास्त्रविनोद यांनी होते. नंतर हत्ती व घोडे येतात, मल्ल येतात, पुढे कोंबडे, लावे, मेंढे, रेडे, पारवे आणि कुत्रे यांचे विनोद येतात. त्यानंतर श्येनविनोद, मग मत्स्यविनोद आणि मृगयाविनोद. यानंतर गीत, वाद्य, नृत्य, कथा आणि चमत्कार यांचे अध्याय आहेत. या क्रमाकडे नीट पाहिले असता असे दिसते की, कोंबड्यापासून रेड्यापर्यंतचे बहुतेक प्राणी राजाने आखून दिलेल्या रिंगणात झुंजतात. मासेमारी व मृगया यांसाठी राजाला रिंगण सोडून पाण्यावर व रानात जावे लागते. श्येन या दोहोंच्या सांध्यावर उभा आहे. तो राजाच्या घरचा आहे आणि रानाचाही आहे. त्याला सोडले की तो रिंगणाबाहेर जातो. परत येणे न येणे त्याच्या इच्छेवर असते.

कोंबडा हरला तरी तो राजाच्याच अंगणात राहतो. श्येन मात्र जिंकला तरी निघून जाऊ शकतो. राजाच्या सर्व विनोदांत इतके अनिश्चित स्वामित्व दुसऱ्या कोणत्याही प्राण्यावर नाही. असे असूनही ग्रंथाची भाषा या विनोदाला इतर विनोदांच्याच पंक्तीत बसवते. पक्षी मिळवणे, माणसाळवणे, सोडणे या क्रिया सांगितल्या जातात. पण त्यांचा कर्ता विनोद अनुभवणाऱ्या राजाच्या छायेत राहतो. कोशग्रंथाची शिस्तच अशी आहे की, वर्णन नेहमी उपभोगाच्या टोकाकडून केले जाते. अन्नाचे वर्णन जेवणाराच्या बाजूने येते, रांधणाऱ्याच्या नव्हे. श्येनाच्या बाबतीतही तसेच घडले आहे.

‘श्यैनिकशास्त्र’ : व्यसनाचे समर्थन आणि ज्ञानाची कबुली

श्येनविद्येला वाहिलेला स्वतंत्र संस्कृत ग्रंथ म्हणजे ‘श्यैनिकशास्त्र’. त्याचा कर्ता कूर्माचलाचा, म्हणजे कुमाऊँचा राजा रुद्रदेव होय. हा ग्रंथ सामान्यतः सोळाव्या शतकातील मानला जातो. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी १९१० मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीतर्फे इंग्रजी अनुवादासह तो प्रसिद्ध केला. ग्रंथाचे सात परिच्छेद आहेत.

ग्रंथकार थेट पक्ष्यांकडे येत नाही. तो प्रथम कर्म व भोग यांची चर्चा करतो आणि दुसऱ्या परिच्छेदात व्यसनांचा विचार करतो. यामागे कारण आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाच्या कामज व्यसनांच्या यादीत मृगयेचे नाव अगदी पहिले आहे. तेव्हा ज्याला मृगयेवर शास्त्र लिहायचे आहे, त्याला आधी आपल्या विषयाची बाजू मांडणे भाग होते. प्रमाणात सेवन केलेले व्यसन सर्वथा त्याज्य नाही, अशी भूमिका घेऊन तो पुढे सरकतो. तिसऱ्या परिच्छेदात मृगयेचे प्रकार, चौथ्या व पाचव्यात पक्ष्यांची ओळख, शिक्षण, ऋतुमानानुसार निगा व औषधोपचार, सहाव्यात प्रत्यक्ष श्येनपात आणि सातव्यात शिकारीनंतरचे आचरण असा क्रम आहे. श्येनपाताच्या आनंदासाठी त्याने काव्यशास्त्रातील रसांची परिभाषा वापरली आहे. शिकारीच्या एका खेळाला नाट्याच्या पातळीवर नेण्याचा हा प्रयत्न लक्षणीय आहे.

मात्र समीक्षकाच्या दृष्टीने या ग्रंथाचा गाभा सहाव्या परिच्छेदात नसून चौथ्या व पाचव्या परिच्छेदांत आहे. तेथे राजाची भाषा बदलते. पक्षी रुळला आहे की नाही, तो रुष्ट आहे की प्रसन्न, उन्हाळ्यात त्याला गारवा कसा द्यावा, पिसे झडण्याच्या काळात त्याला कसे सांभाळावे, हे प्रश्न आले की आज्ञेची भाषा संपते आणि लक्ष देण्याची भाषा सुरू होते. प्रजेला दंड करता येतो, कुत्र्याला मारता येते. पण ससाण्याला रागावून काहीही शिकवता येत नाही. एकदा दुखावलेला पक्षी कायमचा हातचा जातो. अर्थात या परिच्छेदांत राजा हा राजा राहत नाही, तो पक्ष्याचा विद्यार्थी होतो. ग्रंथाची ही नकळत दिलेली कबुली त्याच्या रसचर्चेपेक्षा अधिक मोलाची आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. शास्त्रग्रंथात कारागिराचे नाव येत नसते. ती त्या वाङ्मयप्रकाराची रीतच नव्हे. वास्तुशास्त्रात पाथरवटाचे नाव नसते, तेव्हा श्यैनिकशास्त्रात पक्षी धरणाऱ्याचे नाव का शोधावे? हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. नाव नसणे हा दोष नव्हे. परंतु येथे प्रश्न नावाचा नसून ज्ञातेपणाचा आहे. पक्ष्याच्या मनोवस्थेचे इतके बारीक ज्ञान दरबारात बसून होत नाही. ते कोणीतरी अनेक पिढ्या हाताने जमवले असले पाहिजे. ग्रंथात हे ज्ञान येते. पण ते जमवणारा केवळ कामाचा धनी म्हणून येतो, विद्येचा धनी म्हणून नाही. मुघल दरबाराच्या ‘आईन-इ-अकबरी’त ससाण्यांच्या जातवार किमती आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचे वेतन नोंदवलेले आहे. तेथे हा माणूस निदान खर्चाच्या रकान्यात तरी दिसतो.

शिकरा : मुठीतील विद्या

ग्रंथांनी गृहीत धरलेले हे हाताचे ज्ञान नेमके काय असते, हे शिकऱ्याच्या उदाहरणावरून समजून घेता येईल. शिकरा हा साधारण कबुतराएवढा, आखूड व गोलसर पंखांचा, लांब शेपटीचा पक्षी. पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, प्रौढ नराचे डोळे लालभडक. रानात तो प्रामुख्याने सरडे, उंदीर, टोळ व लहान पक्षी खातो. बहिरी ससाण्यासारखा तो आकाशातून झेपावत नाही. पानांच्या आड दबा धरून अचानक तुटून पडणे ही त्याची रीत आहे. ‘श्यैनिकशास्त्रा’त पक्ष्यांचे काळ्या डोळ्यांचे व पाटल डोळ्यांचे असे जे दोन वर्ग केले आहेत, त्यांत शिकऱ्यासारखे आखूड पंखांचे पक्षी दुसऱ्या वर्गात मोडतात. लांब पंखांचे आकाशगामी ससाणे पहिल्या वर्गात. आजच्या पक्षिशास्त्रानेही हे दोन गट वेगळेच मानले आहेत. डोळ्याच्या रंगावरून केलेला हा भेद कोणी पुस्तकातून काढलेला नाही. पक्षी डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर धरणाऱ्यालाच तो सुचू शकतो.

मद्रास सैन्यातील शल्यवैद्य टी. सी. जर्डन यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथात शिकरा हा या देशात फार मोठ्या प्रमाणावर शिकवला जाणारा पक्षी असल्याचे नमूद केले आहे. तो लवकर शिकतो, हे त्याचे कारण. त्याला पकडण्यासाठी ‘दोगज’ नावाचे जाळे वापरीत. दोन बारीक बांबूंच्या काठ्यांमध्ये गडद रंगाचे तलम जाळे ताणून त्यापुढे एक जिवंत पक्षी बांधून ठेवीत. शिकरा आमिषावर झेपावला की जाळ्यात गुरफटे.

पकडल्यानंतरचे काम खरे कठीण. पापण्या काही दिवस दोऱ्याने मिटून ठेवीत व हळूहळू सैल करीत. पायांत चामड्याचे पट्टे अडकवीत, घुंगरू बांधीत. मग पक्ष्याला मुठीवर घेऊन हिंडणे सुरू होई. आधी अंधारात, मग संध्याकाळच्या उजेडात, शेवटी माणसांच्या गर्दीत. तो मुठीवर बसून खाऊ लागला की त्याला थोड्या अंतरावरून हातावर उडी घ्यायला लावीत, नंतर लांब दोरी बांधून बोलावीत आणि सरतेशेवटी दोरी सोडीत. या सगळ्याची किल्ली भुकेत आहे. पोट भरलेला पक्षी परत येत नाही आणि उपाशी ठेवलेला पक्षी उडत नाही. छातीचे हाड बोटांनी चाचपून त्यावर मांस किती आहे, यावरून रोजचा अंदाज घ्यावा लागतो. शिकरा लहान असल्याने या अंदाजातील एका दिवसाची चूकही त्याच्या जिवावर बेतू शकते.

शिकऱ्याला सोडण्याची रीतही त्याच्या रानातील सवयीवरूनच घडली. गळ्याभोवती पिळाचा दोर घालून, पक्ष्याला मुठीत धरून तित्तिर, लावा किंवा साळुंकी दिसताच त्या दिशेने फेकले जाई. आखूड पंखांच्या पक्ष्याला आरंभीचा वेग मिळावा, ही त्यामागील युक्ती. दबा धरून तुटून पडण्याच्या त्याच्या स्वभावाला माणसाच्या हाताने दिलेली ही जोड होय. ‘मूठ’ हे या विद्येचे एकाच वेळी आसन, तराजू आणि धनुष्य आहे. मुठीचे हे तिहेरी काम लिहून शिकवता येत नाही.

इंग्रज लेखक टी. एच. व्हाइट यांच्या ‘द गॉसहॉक’ या १९५१ मधील पुस्तकाने हे उलट बाजूने सिद्ध केले आहे. व्हाइट यांनी १६१९ मधील एका जुन्या ग्रंथाच्या आधारे एकट्याने बाज पक्षी शिकवण्याचा प्रयत्न केला. त्यांच्याजवळ उत्तम ग्रंथ होता, अपार चिकाटी होती. नव्हता तो जाणता शेजार. अखेरीस पक्षी दोरी तोडून निघून गेला.

शब्दांची वाट :

या विद्येचे शब्दही तिचा प्रवास सांगतात. ‘शिकरा’, ‘बाज’, ‘बहिरी’ हे शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आले. ‘श्यैनिकशास्त्रा’त ‘वाज’ हे नाव येते, ते फारसी ‘बाज’चेच संस्कृत वेषांतर होय. तेव्हा हा ग्रंथ शुद्ध प्राचीन भारतीय विज्ञानाचा पुरावा म्हणून पुढे करताना सावध राहिले पाहिजे. मध्य आशिया, इराण आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये पक्षी, पक्षी धरणारे आणि शब्द या तिघांचीही ये-जा होती. राजाने ते शब्द संस्कृतात घेतले, यात त्याची उदारता आहे. आपण ते विसरलो, तर ती आपली संकुचितता ठरेल.

आणखी एक बाब उद्‍बोधक आहे. शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी व बलवान असते. म्हणून जुन्या जाणकारांच्या बोलीत ‘शिकरा’ हे मादीचे नाव; नराला ‘चिपक’ असे वेगळे नाव होते. बाजाच्या बाबतीतही ‘बाज’ ही मादी आणि ‘जुर्रा’ हा नर. मराठीने हे शब्द घेताना त्यांना पुल्लिंगी केले आणि पराक्रम आपोआप नराच्या खात्यावर जमा झाला. हाताच्या बोलीत जे नेमके होते, ते लेखी भाषेत येता येता असे धूसर झाले.

‘अ केस्ट्रेल फॉर अ नेव्ह’ : ज्ञाता म्हणून एक मुलगा

राजांच्या ग्रंथांत जे घडत नाही, ते बॅरी हाइन्स यांच्या १९६८ मधील कादंबरीत घडते. केन लोच यांनी १९६९ मध्ये तिच्यावर ‘केस’ हा चित्रपट काढला. कादंबरीच्या शीर्षकाला मध्ययुगीन इंग्लंडमधील श्रेणीव्यवस्थेचा संदर्भ आहे. कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणता पक्षी बाळगावा, याच्या याद्या १४८६ मधील ‘बोक ऑफ सेंट अल्बन्स’ व त्या काळातील हस्तलिखितांत आढळतात. सम्राटाला गरुड आणि सर्वांत खालच्या नोकराला केस्ट्रेल, म्हणजे आपल्याकडील खरुची. हाइन्स यांनी या उतरंडीचे शेवटचे टोक उचलले आणि तेच कादंबरीचे केंद्र केले.

यॉर्कशायरच्या कोळसा खाणींच्या गावातील बिली कॅस्पर हा शाळकरी मुलगा. वडील घर सोडून गेलेले, आई बेफिकीर, थोरला सावत्र भाऊ जड खाणीत कामाला. बिली जुन्या भिंतीतील घरट्यातून खरुचीचे पिल्लू आणतो. पक्षी शिकवण्याचे पुस्तक त्याला ग्रंथालय देत नाही, कारण तो सभासद नाही. तेव्हा तो ते दुकानातून चोरतो. पुढे मात्र तो जे करतो ते चोरीचे नाही. गावाबाहेरच्या माळावर एकट्याने, पहाटे व संध्याकाळी, तो त्या पक्ष्याला हातावर आणतो.

कादंबरीचा कळसाचा प्रसंग वर्गात घडतो. इंग्रजीचे शिक्षक फार्दिंग बिलीला पक्ष्याविषयी बोलायला सांगतात. एरवी मुका, मार खाणारा, झोपाळू म्हणून ठरलेला हा मुलगा पट्टे, कडी, दोरी यांची नावे सांगतो, ती फळ्यावर लिहितो आणि सारा वर्ग गप्प होऊन ऐकतो. काही मिनिटांपुरता शिक्षक विद्यार्थी होतो. ‘श्यैनिकशास्त्रा’तील राजा पक्ष्यापुढे विद्यार्थी झाला होता, येथे शाळा त्या मुलापुढे विद्यार्थी होते. पक्षी माणसाळलेला नसून केवळ शिकवलेला आहे, त्याला कोणाची पर्वा नाही आणि म्हणूनच तो मोठा आहे, ही बिलीची समजूत राजाच्या ग्रंथातील कबुलीच्या अगदी जवळची आहे.

त्याच तासाला मुलांना कपोलकल्पित गोष्ट लिहायला सांगितली जाते. बिली लिहितो ते गरम नाश्ता, परतलेले वडील आणि प्रेमाने वागणारे शिक्षक यांच्याविषयी. इतर मुलांचे जे रोजचे जगणे, ते याच्या लेखी कल्पित. हाइन्स यांनी येथे एकही टीकात्मक वाक्य न लिहिता शाळेवर कठोर भाष्य केले आहे.

मात्र ही कादंबरी आशावादाला बळी पडत नाही. वर्गातील तो तास संपतो. नोकरीविषयक मार्गदर्शन करणारा अधिकारी बिलीशी बोलतो, तेव्हा त्याच्या या ज्ञानाला कागदावर कोठेही जागा नसते. जडने पैजेसाठी दिलेले पैसे बिली न लावता खर्च करतो, घोडे जिंकतात आणि संतापलेला जड पक्ष्याला मारून टाकतो. एका शिक्षकाची सहानुभूती पुरेशी नसते, हे या शेवटातून स्पष्ट होते. ज्ञानाला एक तास मिळाला. नोंद मिळाली नाही.

मोलगी परिसरातून वाचताना :

मोलगी हे अक्कलकुवा तालुक्यातील, सातपुड्याच्या कुशीतील बाजाराचे गाव. भिल्ल व पावरा समाजाची वस्ती, डोंगरउतारावरची शेती, आंबे आणि मोह. शिकरा येथे परका नाही. आंब्यासारख्या डेरेदार झाडावर तो उन्हाळ्यात घरटे करतो. म्हणजे अंगणात आमचूर वाळत असते त्याच दिवसांत त्याची पिल्ले वाढत असतात. पावसाच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा रंगरूपाने शिकऱ्यासारखाच दिसतो आणि त्या सारखेपणाने लहान पक्षी घाबरतात. कोतवाल पक्षी शिकऱ्याचा आवाज काढून साळुंक्यांना उडवून लावतो. पेरणीचा निरोप देणारा कोण आणि झडप घालणारा कोण, हे नुसत्या रूपावरून वा आवाजावरून ओळखणे म्हणजे वाचनच होय. शेतात, गुरांमागे वाढलेले मूल असे वाचन वर्गात येण्यापूर्वीच करू लागते.

परंतु वर्गातील भाषा प्रमाण मराठी असते. भिलोरी वा पावरी बोलत वाढलेल्या विद्यार्थ्याला ती शिकावी लागते. त्यामुळे त्याला जे माहीत आहे ते सांगता येत नाही आणि जे सांगता येते ते त्याचे नसते. वाहरू सोनवणे यांच्यासारख्या या परिसरातील भिल्ल कवींनी आपल्याविषयी दुसऱ्यांनीच बोलण्याचा हा अनुभव मराठी कवितेत आणला, ही महत्त्वाची घटना होय. कवितेत जे साधले ते ज्ञानाच्या इतर शाखांत अद्याप साधायचे आहे.

नोंद कोणाची व कोठली, या प्रश्नाचे गांभीर्य याच जिल्ह्यातील एका पक्ष्याने दाखवून दिले आहे. रानपिंगळ्याचे वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. १८८० च्या दशकात खानदेशातील अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर हा पक्षी शास्त्राच्या दृष्टीने नाहीसा झाला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचे सांगितलेला नमुना खरे पाहता संग्रहालयातून चोरून चिठ्ठी बदललेला जुना नमुना होता, हे पुढे उघड झाले. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांनी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांचा मागोवा घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा आढळला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. एका खोट्या चिठ्ठीने या भूमीचे नाव पुसले आणि दीर्घकाळ शोधणाऱ्यांची दिशाभूल केली. ग्रंथात ज्ञानाचे मूळ न सांगणे ही खोटी चिठ्ठी नव्हे हे खरे. परंतु परिणाम पुष्कळसा तसाच होतो. वाट हरवते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. प्रस्तुत लेखक श्येनविद्येच्या पुनरुज्जीवनाची मागणी करीत नाही. युनेस्कोने २०१० मध्ये श्येनविद्येचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला आणि २०२१ पर्यंत त्या नोंदीत चोवीस देश सहभागी झाले. पाकिस्तान त्यांत आहे, भारत नाही. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये शिकरा पकडणे व बाळगणे प्रतिबंधित आहे. पापण्या शिवणे, उपाशी ठेवणे हे या विद्येचे अंग पाहता ही बंदी योग्यच म्हटली पाहिजे. तसेच, मोलगीच्या परिसरात शिकरा शिकवण्याची परंपरा होती, असाही दावा येथे नाही. मुद्दा एवढाच की, ज्या प्रकारचे जवळचे, हातभर अंतरावरचे ज्ञान या ग्रंथांच्या पायाशी आहे, त्या प्रकारचे ज्ञान असणारी माणसे आजही वर्गात बसलेली आहेत आणि ग्रंथांची जुनी सवय आपण त्यांच्या बाबतीत पुन्हा चालवीत आहोत.

निष्कर्ष :

१) ‘श्येनविनोद’ हा अध्याय राजाच्या उपभोगाच्या क्रमात बसवलेला असला, तरी रिंगण व रान यांच्या सांध्यावरील त्याचे स्थान राजाच्या स्वामित्वाची मर्यादा सूचित करते.

२) ‘श्यैनिकशास्त्रा’चे खरे मोल त्याच्या रसचर्चेत वा व्यसनसमर्थनात नसून पक्ष्यापुढे आज्ञा चालत नाही, या कबुलीत आहे. हे ज्ञान ज्यांच्या हातांनी जमवले, ते मात्र तेथे ज्ञाते ठरत नाहीत.

३) फारसीतून आलेले शब्द व नर-मादीची वेगळी नावे हे पाहता या विद्येला एकाच परंपरेच्या वा एकाच लिंगाच्या पराक्रमाचा पुरावा मानणे ग्राह्य ठरत नाही.

४) ‘अ केस्ट्रेल फॉर अ नेव्ह’ने ज्ञात्याचे स्थान उतरंडीच्या तळाच्या मुलाला दिले; त्याचबरोबर एका तासाची दाद ही नोंदीची जागा घेऊ शकत नाही, हेही दाखवले.

५) भारतीय ज्ञानप्रणालीच्या अध्यापनात असे ग्रंथ लावताना ‘हे कोणी लिहिले’ या प्रश्नाबरोबर ‘हे कोणाच्या हाताने कळले’ हा प्रश्नही विचारला जावा.

या दृष्टीने एक मर्यादित सूचना करावीशी वाटते. सातपुड्यातील महाविद्यालयांनी भिलोरी व पावरी भाषांतील पक्षिनामांचे, पक्ष्यांच्या आवाजांच्या अर्थांचे व सवयींच्या वर्णनांचे कोश विद्यार्थ्यांकडून तयार करून घ्यावेत. प्रत्येक नोंदीखाली ती सांगणाऱ्याचे, त्याची संमती घेऊन, नाव व गाव द्यावे. संकलन करणाऱ्या प्राध्यापकाचे नाव त्यानंतर यावे. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. वही, पेन्सिल आणि ऐकून घेण्याची तयारी पुरेशी आहे. ‘मानसोल्लास’ व ‘श्यैनिकशास्त्र’ यांच्या शेजारी ग्रंथालयाच्या कपाटात अशी एक वही ठेवली गेली, तर त्या ग्रंथांचे वाचनही अधिक प्रामाणिक होईल.